लढाईत गेलेल्या माणसाचा माग: आधी पलटण की आधी सातबारा?

वाशिष्ठी
कोकणातल्या बऱ्याच घरांत ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले’ (म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकच्या आघाडीवर) एवढंच उरलेलं असतं. मग नवी पिढी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (सीडब्ल्यूजीसी, दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर जाऊन नाव टाकते. ‘गणपत कदम’ टाकलं की एक तर ढीगभर गणपत येतात, नाही तर एकही येत नाही, आणि शोध तिथेच संपतो.

माझं म्हणणं असं, की हे उलट्या टोकाने चाललंय. आधी घर धरावं, मग माणूस, मग पलटण. सरकारदरबारी माणूस कोणत्या नावाने होता, बापाचं नाव काय, गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं आणि तो साधारण कधी वारला, या चार गोष्टी हातात नसतील तर लष्करी कागद समोर आला तरी आपलाच आहे हे ओळखता येत नाही. आणि या चारही गोष्टी फेरफारात सापडतात.

क्रम असा सुचवते. आजचा सातबारा घ्या. नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार नंबर. त्या नंबरचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल, काढा. त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल. मग जुना सातबारा, त्यावरचं वर्तुळ, त्याचा फेरफार. असं मागे मागे जात ‘अमुक मयत, वारस…’ या नोंदीपर्यंत पोचायचं.

ज्यांच्या घरी पदक नाही, डिस्चार्जचा कागद नाही, त्यांनी पलटण कशी ठरवावी? आणि खुद्द घराचं वय कसं काढावं? जाणकारांनी लिहावं.

तळकोकणी
तलाठी आप्पा जाग्यावर गावलो तर आधी देवाक नारळ फोडूचो, मगे फेरफार.

जांभा_चिरा
फेरफाराबद्दल सहमत, पण दोन खड्डे आहेत.

पहिला: वारस नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कोकणात भाऊबंदकी सामाईक असल्यामुळे नोंद घालायची कुणाला घाई नसायची. माणूस १९१६ ला गेलेला आणि नोंद १९३१ ची, असं सर्रास दिसतं. वाटप निघालं, कर्ज काढायचं झालं किंवा कोर्टात दावा लागला की मगच नोंद.

दुसरा: सैन्यात जाणारा बहुतेक धाकटा भाऊ. जमीन थोरल्याच्या नावावर, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकट्याचं नाव सातबाऱ्यावर कधी आलेलंच नसतं. तो दिसतो वाटपाच्या फेरफारात, आणि तोही त्याच्या मुलाच्या रूपाने: ‘अज्ञान पांडुरंग, अ.पा.क. आई सरस्वती’. अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप नाही, आई पालनकर्ती आणि चुलता मॅनेजर, हे तिन्ही एका नोंदीत दिसलं की त्या नोंदीपाशी थांबा.

रेकॉर्डवाला
वाशिष्ठीताई, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तुमचा क्रम बरोबर. पण ज्याच्या घरात एखादं जरी पदक असेल त्याने तलाठ्याच्या दारात कशाला बसावं? पदकाची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर ती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेली पदकं कोरी असायची, हिंदी सैनिकांची मात्र बऱ्याच वेळा नावाची असतात.

वाचायची रीत: पदक घासायचं नाही. दिवाळीला चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांबरोबर पदक उजळणाऱ्या घरांत कड गुळगुळीत झालेली असते. पातळ कागद कडेवर ताणून धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवा. किंवा अंधारात बॅटरी बाजूने, अगदी आडवी धरून फोटो काढा. सरळ प्रकाशात अक्षरं बुजतात.

पदकाचा प्रकारही बोलतो. चांदीचं युद्धपदक आणि सोबत पितळी छटेचं विजयपदक असेल तर माणूस प्रत्यक्ष रणक्षेत्रात गेला होता. हिंदुस्थानातल्या छावणीतच राहिलेल्याला विजयपदक नसे. युद्धपदक चांदीऐवजी कांस्याचं असेल तर तो लढाऊ शिपाई नव्हे, मजूर तुकडीत किंवा सैन्याबरोबरच्या इतर कामगारांत होता. त्याचा शोध पायदळाच्या पलटणीत घेत बसू नका. दुसऱ्या युद्धात आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश असे वेगवेगळे तारे आहेत, त्यावरून आघाडी ठरते. इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानातल्या बिगरलढाऊ नोकरीचं.

हापूस_नाही_पायरी
मोड बाजारात विकलेल्या पदकाची कड कशी वाचावी?

रेकॉर्डवाला
@पायरी, सोनाराला विचारा :) चांदीचं पदक मोडीत जायचं आणि कांस्याचं पोरांच्या खेळात. म्हणून जोडीतलं विजयपदकच घरात जास्त सापडतं. सुदैवाने नाव दोन्हीवर सारखंच असतं.

मोडीवाचक
नंबरबद्दल थोडं. तेव्हाचा शिपाई नंबर त्या पलटणीपुरता असायचा. ११० मराठ्यात २१४५ आणि ११७ मराठ्यात २१४५ ही दोन वेगळी माणसं. नुसत्या नंबरावर कुठेही अर्ज करू नका, नंबर आणि पलटण ही जोडी लागते.

पलटणींची नावं १९२२ साली बदलली, त्यामुळे घरच्या कागदावर एक आणि पुस्तकात दुसरं असा घोळ होतो. जोड्या अशा:

१०३ मराठा लाइट इन्फंट्री – १/५
१०५ मराठा लाइट इन्फंट्री – २/५ (टोपणनाव ‘काली पाचवीण’)
११० मराठा लाइट इन्फंट्री – ३/५
११४ मराठा – १०/५, प्रशिक्षण पलटण
११६ मराठा – ४/५
११७ मराठा – ५/५, रॉयल

२/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. ती दोन मे अशी तारीख नाही आणि अपूर्णांकही नाही. दोन्ही अर्थ लावलेले पाहिले आहेत.

पलटण कळली की रणांगण जवळपास ठरतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. तो वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यानंतरचे मृत्यू बरेचसे तुर्कांच्या कैदेतले, म्हणून तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातली किंवा त्यानंतरची असली तर ‘लढाई तर संपली होती’ म्हणून नोंद बाजूला टाकू नका. दुसऱ्या युद्धात २/५ एरिट्रियात केरनला होती आणि जून १९४२ मध्ये लिबियात तोब्रुकला पकडली गेली. १/५ आणि ३/५ इटलीत. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला.

रापण
माणगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३/५ चेच ना?

मोडीवाचक
हो. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबरचं खोरं. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे. इटलीत वारलेल्या हिंदी सैनिकाचा शोध कॅसिनोपासून सुरू करावा. ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं सांग्रो नदी आणि फोर्ली इथल्या दहनस्मारकांवरही असतात, तीही बघावीत.

शिमगोत्सव
आयोगाच्या संकेतस्थळावर नाव न सापडण्याची कारणं लिहितो, कारण सगळे इथेच अडकतात.

१. तिथे फक्त मृत असतात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. आजोबा पेन्शनीत येऊन गावच्या पारावर पत्ते खेळत असतील तर ते तिथे नसणार, आणि त्याबद्दल देवाचे आभारच मानावेत.

२. नाव आणि आडनाव याचा भरवसा नाही. हिंदी शिपायाचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात घातलेलं असू शकतं, किंवा नुसतं ‘भिकाजी’ असू शकतं. पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून बघा.

३. स्पेलिंग. आपल्या ‘व’ला कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी नुसता ओ. जाधवचा शेवट तीन तऱ्हांनी, चव्हाणची सुरुवात चार तऱ्हांनी, शिंदे तर एच असलेले आणि नसलेले. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पहिली तीन अक्षरं आणि ‘सेवा: भारतीय’ असा गाळणीचा पर्याय लावा.

४. ज्यादा माहितीच्या रकान्यात ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असं असतं. तिथे गावाच्या नावाने शोधा. माणसापेक्षा गाव लवकर सापडतं. एका गावाची सगळी नावं काढून कागदावर घ्या, मग आपला कोण ते बघा.

५. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आणि खाली ‘इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा. नावं नोंदवहीत आहेत. भिंतीचा फोटो बघून ‘नाव नाही’ म्हणू नका. या भेदभावाची कबुली आयोगाने स्वतःच्या २०२१ च्या अहवालात दिली आहे.

तळकोकणी
चौथ्या मुद्द्यात भर. तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा एक नाही. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले त्याआधी रत्नागिरीत. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सावंतवाडी, कुडाळ सावंतवाडी संस्थानात, आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात. संस्थानी गावातला माणूस असेल तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येऊ शकतं. कणकवली, लांजा हे तालुकेही तेव्हा नव्हते. ‘कणकवली’ टाकून बसाल तर जन्मभर बसाल.

भरती_ओहोटी
इतका वेळ सगळे सातबारा आणि मराठा पलटणी याच दोन खुंट्यांना धरून बोलताहेत. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांनी काय करायचं?

कोकणातल्या महार घराण्यांत लष्करी नोकरी पिढ्यान्‌पिढ्या होती. दापोली कॅम्प हे तर पेन्शनर सुभेदार-जमादारांचं गाव. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातून निवृत्त झालेले आणि दापोलीतले. त्या घराण्यांचा शोध सातबाऱ्यावरून सुरू केला तर खोताच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या) नावापाशी संपतो. त्यांच्यासाठी वाट वेगळी:

– नावाच्या शेवटी ‘नाक’ असतं: रामनाक, सोननाक, धर्मनाक. लष्करी यादीत आडनाव नसून एवढंच असतं. आजचं ‘-कर’ आडनाव घेऊन शोधलं तर काही मिळणार नाही.

– जमीन असलीच तर ती वतनाची. वतनाचे कागद वेगळे, आणि वतनं खालसा करणारा कायदा १९५८ चा. त्यानंतर रिग्रँट झालेल्या (पुन्हा बहाल केलेल्या) जमिनीचा फेरफार काढला की त्यात सगळे वतनदार भाऊबंद एकत्र मिळतात. असा वंशवेल दुसऱ्या कुठल्याही कागदात नाही.

– पलटण: १११ महार १९१७ ला उभी राहिली, पुढे ७१ पंजाबी पलटणीत मिसळली आणि ती १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात नव्याने उभी राहिली, केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला. म्हणजे पहिल्या युद्धातल्या माणसासाठी सागरला अर्ज करून उपयोग नाही, दुसऱ्या युद्धातल्यासाठी मात्र तिथेच करायचा.

वाशिष्ठी
@भरती_ओहोटी, मुद्दा एकदम मान्य. ‘घर आधी’ म्हणताना घर म्हणजे जमीन असं मी धरून चालले होते, ते सगळ्यांना लागू नाही. मग बिनजमिनीच्या घराला पहिला कागद कोणता?

भरती_ओहोटी
दोन. कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू असतात, जुनी पुस्तकं बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख आणि पालकाचं नाव. पालकाच्या जागी बाप सोडून आजा किंवा चुलता असेल आणि धंद्याच्या रकान्यात ‘लष्करी नोकरी’ किंवा ‘पेन्शनर’ असेल तर तो धागा धरा. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात अशी बरीच पुस्तकं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली आहेत. जात कुठलीही असो, गावाचं पान उघडून वाचायला कुणाची हरकत नाही.

कोकणरेल्वे_लेट
कुणबी नोंदींचा विषय निघालाच आहे तर…

संपादक
नाही निघालेला. आरक्षणाची चर्चा वेगळ्या धाग्यावर.

मोडीवाचक
खोतीच्या गावांसाठी, कारण रत्नागिरीत तीच जास्त. १८८० च्या खोती कायद्यानंतर प्रत्येक खोती गावाचं ‘बोटखत’ तयार झालं. कुठलं शेत कुणाच्या कब्जात, तो धारेकरी (फक्त सरकारी साऱ्याइतकी रक्कम देणारा कायमचा कब्जेदार) की कूळ आणि खोताला काय द्यायचं, हे त्यात असतं. खोताचं नाव सातबाऱ्यावर असलं तरी तुमच्या घराण्याचं नाव बोटखतात असू शकतं. खोती संपवण्याचा कायदा १९४९ चा, अंमल मे १९५० पासून. कुळांना मालकी मिळण्याचा कृषक दिन १ एप्रिल १९५७. या दोन टप्प्यांवर फेरफारांचा पाऊस पडलेला असतो. त्या आधीचं सगळं शोधायचं तर बोटखत.

बोटखत बहुतेक मोडी लिपीत असतं. मोडी येत नसेल तर लिप्यंतर करून घ्या, पण सगळं पुस्तक देऊ नका. आपल्या वाडीचे सर्व्हे नंबर आधी फाळणी नकाशावरून (पोटहिश्शांच्या मोजणी नकाशावरून) काढा, तेवढीच पानं द्या. पैसे पानावर लागतात.

आणि सनावळी: शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. पेशवाई कागदात सुहूर सन असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००.

जांभा_चिरा
घराच्या वयाचं कुणी उचललं नाही, म्हणून मी.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. तो घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नाही, पण सर्वात जुन्या वर्षाच्या पुस्तकात घर ‘कौलारू’, ‘नळ्यांचं’ की ‘गवती’ असं वर्णन असतं. पाच-दहा वर्षांनी वर्णन बदललं की समजायचं, मधे छप्पर चढलं.

मग छप्पर. मंगलोरी कौल काढून पोट बघा. कारखान्याचं नाव, गाव, कधी साल. बाझल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे मंगलोरी कौलांचं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. पण शिक्क्यावरचं साल म्हणजे घराचं साल नव्हे. दर पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलली जातात, एका छपरावर चार कारखान्यांचे शिक्के असणं नेहमीचं. कुठला शिक्का सर्वात जास्त कौलांवर आहे तो धरा. तो घराचं नव्हे, छपराचं साधारण साल देतो.

तुळईवर शक कोरलेला असेल तर आनंद व्हायच्या आधी तुळईला रिकाम्या खाचा आहेत का बघा. ज्या खाचेत आज काही बसलेलं नाही, ती खाच आधीच्या घरातली. कोकणात लाकूड टाकून देत नाहीत. जुनं घर मोडलं की त्याच खांब-तुळया नव्यात चढतात. मग तो शक आधीच्या घराचा.

याचा लढाईशी संबंध असा: शिपायाची पेन्शन किंवा इनाम आलं की पहिला खर्च घरावर. नळे जाऊन कौलं आली, कुडाच्या भिंती जाऊन जांभ्याचे चिरे आले, हे साल आणि माणूस पेन्शनीत येण्याचं साल पुष्कळदा जवळ पडतं. पुरावा म्हणून नाही, पण कुठल्या दशकातले कागद आधी उघडायचे ते कळतं.

हापूस_नाही_पायरी
म्हणजे आता कौलांवर चढायचं. आई म्हणेल, पणजोबा राहिले, तूच जाशील.

आगबोट
सगळे पायदळात अडकलेत. किनाऱ्यावरची माणसं दर्यावर गेली. रत्नागिरी किनाऱ्यावरचे खलाशी, त्यात कोकणी मुसलमान सारंग-टंडेल (खलाशांचे मुकादम) फार, ब्रिटिश व्यापारी जहाजांवर होते. व्यापारी जहाजावरचा माणूस फौजेत धरला जात नाही, त्याचे कागद बेळगावच्या लष्करी रेकॉर्ड ऑफिसात नाहीत आणि दिल्लीलाही नाहीत. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या युद्धातल्यांसाठी मुंबई-चितगाव स्मारक, ते नोंदपुस्तकाच्या रूपात आहे. मुसलमान घरांसाठी जमातीचं निकाहाचं रजिस्टर, ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची वही. ही दोन्ही पुस्तकं सरकारी नोंदीपेक्षा नीट ठेवलेली असतात.

रॉयल इंडियन नेव्हीतला नाविक असेल तर पत्ता वेगळा: मानखुर्दच्या चिता कॅम्पमधला ब्युरो ऑफ सेलर्स. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेल्या उठावात काढून टाकलेला असेल तर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायलीही बघा.

आणि ‘बोटीबरोबर बुडाला’ या घरच्या वाक्यावर लगेच विश्वास नको. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ १९२७ ला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’चा स्फोट झाला. तिसऱ्या पिढीत हे सगळं ‘लढाईत गेला’ होऊन बसतं. आधी तारीख.

रापण
+१. तारखेवरून आठवलं. वारस फेरफारात किंवा कोतवाल बुकात १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातला मृत्यू दिसला तर आधी इन्फ्लुएन्झा आठवा. कोतवाल बुकात कारण ‘ताप’ असेल आणि त्याच पानावर तसेच आणखी दहा-पंधरा असतील तर तो माणूस गावातच गेला. फौजेतला असेल तर रजेवर आलेला असावा.

वाशिष्ठी
मग मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा संगमेश्वर तालुक्यातलं गाव, जात मराठा, वारस फेरफार १९२० चा, मुलगा अज्ञान, आई पालनकर्ती. घरी पदक नाही, कागद नाही. पुढे?

शिमगोत्सव
आधी गाव. कोकणातल्या कितीतरी गावांत शाळेच्या, चावडीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यातले इतके कामी आले. नावं नसतात, आकडे असतात. पण आकडाच उपयोगी. पाटीवर ‘कामी आले: ३’ असेल आणि आयोगाच्या नोंदीत त्या गावाचे तिघे सापडले तर तुमची यादी पूर्ण. दोनच सापडले तर तिसरा चुकीच्या स्पेलिंगमध्ये अडकलाय किंवा आगबोट म्हणतात तसा दर्यावर गेलाय.

रेकॉर्डवाला
त्या तिघांतून आपला निवडायला बापाचं नाव लागतं, आणि ते फेरफारात आहे. इथे ताईंचा क्रम जिंकतो, मान्य :)

माणूस आणि पलटण ठरली की दोन कामं. पलटणीची युद्धदैनंदिनी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात: पहिल्या युद्धासाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ मालिका, दुसऱ्यासाठी मध्यपूर्व १६९, इटली १७०, ब्रह्मदेश १७२. तिथे शिपायाचं नाव सापडेल अशी आशा धरू नका. अधिकाऱ्यांची नावं आणि ‘इतके जखमी, इतके मृत’ असतं. पण मृत्यूची तारीख माहीत असेल तर त्या दिवशी पलटण कुठे होती आणि काय झालं ते कळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळही चाळा, नोंदणी फुकट.

दुसरं, रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, मुंबई सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर, मेडिकल कोअर लखनौ. पेन्शन न लागलेल्या माणसाचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, म्हणून ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ म्हटलं की ‘नष्ट झाले’ असं उत्तर येतं आणि लोक थांबतात. मागायचं ते लाँग रोल. ती नोंदवही कायम ठेवायची असते: नंबर, नाव, भरतीची तारीख, सेवा संपल्याची तारीख आणि कारण. अर्जात ‘लाँग रोलमधील नोंदीची प्रमाणित प्रत’ असं स्पष्ट लिहा.

कोकणरेल्वे_लेट
माहिती अधिकारात ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतात त्याचं काय?

रेकॉर्डवाला
कलम ८(३). वीस वर्षांहून जुन्या घटनेला ८(१)(ञ) ची, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या कलमाची, आडकाठी लागत नाही. अर्जातच तसं लिहा, वारस असल्याचा कागद जोडा. आणि शुल्क: राज्याच्या कार्यालयाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो, लष्कर केंद्राचं, तिथे तो चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरा. आपल्याकडे सवयीने स्टँप चिकटवतात आणि अर्ज परत आला की रेकॉर्ड ऑफिसला शिव्या देतात.

एक राहिलं. जुन्या कागदावर ‘जमादार’ दिसलं तर लाजू नका. तो आजचा नायब सुभेदार, कनिष्ठ अधिकाऱ्याचा (जेसीओ) हुद्दा.

तळकोकणी
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही सोडू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारची मदत मिळायची, त्यामुळे त्या पिढीची नावं, नंबर आणि पलटणी तिथल्या फायलींत असू शकतात. पहिल्या युद्धासाठी मात्र तिथे फार अपेक्षा ठेवू नये.

रापण
शिमगोत्सव, त्या संगमरवरी पाट्यांवर दर रंगरंगोटीत ऑइलपेंट बसतो. आमच्या पंचायतीच्या पाटीचा आकडाच वाचता येत नाही. ॲसिडने साफ करू का?

शिमगोत्सव
बिलकूल नाही. संगमरवराला आम्ल लागलं की दगडच विरघळतो, अक्षरं उथळ होतात. तारेचा ब्रशही नको. आधी न घासता वाचून बघा: रात्री बॅटरी भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाका, रंगाच्या थराखालची खोदाई सावलीने दिसते. फोटो चारही बाजूंनी घ्या. नाहीच दिसलं तर कोपऱ्यातल्या बोटभर जागेवर पेंट काढायचं द्रावण लावून बघा, दगडाचा रंग बदलला नाही तरच पुढे जा आणि प्लास्टिकच्या पट्टीने रंग उचला. आणि हे करायच्या आधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, नाही तर पाटी राहील बाजूला आणि गावबैठकीत तुमचीच चौकशी लागेल.